दुबलगुंडीचे दार

जुन्या दारांना सध्या बरे दिवस आले आहेत. ज्या वाड्यांत ती उभी होती ते वाडे पडत चालले आहेत. दारे मात्र मोठमोठ्या उपाहारगृहांच्या दर्शनी भागात, सदनिकांच्या दिवाणखान्यात, क्वचित वर काच बसवून जेवणाच्या मेजाच्या जागीसुद्धा विराजमान झालेली दिसतात. हैदराबादेत काचीगुडा, सुलतान बाजार या बाजूंना ज्यांची तीन-चार पिढ्यांची घरे होती, त्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांनी असे एखादे दार हातगाडीवर चढताना पाहिले असेल. ज्यांनी दार विकले नाही, त्यांच्यापुढे निराळाच प्रश्न उभा राहतो. वर्षानुवर्षांचे तैलरंगाचे थर खरवडून काढले, खालचे सागवान उघडे पडले. आता पुढे काय करायचे? ते तसेच ठेवावे, की त्याला पॉलिश करावे, व्हार्निश द्यावे, की तेल पाजावे?

मी गायनमास्तर. सुतारकीशी माझा संबंध तंबोऱ्याची खुंटी घट्ट बसत नसली म्हणजे तेवढ्यापुरता. परंतु दुबलगुंडीच्या आमच्या घराचे दार नीट करताना ज्या चुका माझ्या हातून झाल्या, त्या इतरांनी करू नयेत, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

दुबलगुंडी हे बिदर जिल्ह्यात हुमनाबादच्या बाजूचे गाव. घरात मराठी, बाजारात कानडी आणि कचेरीत उर्दू अशी तिथल्या जुन्या मंडळींची रीत होती. आमचे घर त्या मुलखातल्या इतर घरांसारखेच. वर मातीचे माळवद, दारातून आत शिरताच दोन्ही अंगांना ढाळज, मग चौक आणि सोपा. दार दोन फळ्यांचे, जाड सागवानाचे. पितळी कड्या, आतून अडसर, वर गणेशपट्टी. या दाराने जागेवरून न हलता राज्ये मात्र पुष्कळ पाहिली. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत ते निजामाच्या मुलखात होते, मग हैदराबाद राज्यात. 1 नोव्हेंबर 1956 रोजी ते म्हैसूर राज्यात गेले आणि 1973 साली त्याच राज्याचे नाव कर्नाटक झाले. दर खेपेला पाट्या बदलल्या, कागदांची भाषा बदलली. दारावर फार तर रंगाचा एखादा हात चढला असेल.

घराचे तीन वाटेकरी. एक आम्ही हैदराबादचे. दुसरे कलबुर्गीचे चुलतभाऊ. आणि तिसऱ्या काकू, ज्या आपल्या मुलासह तिथेच राहतात आणि ज्यांच्यामुळे घरात अजून दिवा लागतो. चार वर्षांपूर्वी माळवद गळू लागले. त्याच सुमारास जुन्या वस्तूंचा एक व्यापारी गावात येऊन गेला. दाराची जोडी, चौकट आणि गणेशपट्टी मिळून त्याने जी रक्कम सांगितली, तीत माळवदाची दुरुस्ती होऊन वर चार पैसे उरले असते. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, दार ठेवून घर पाडायचं का? छप्पर राहिलं तर घर राहील." त्याच्या म्हणण्यात खोट काढण्याजोगे काही नव्हते. अखेर काकूंनी निकाल दिला. माळवदाचा खर्च तिघांनी वाटून घ्यायचा. दाराचे काय ते मी पाहायचे. आणि मृगाच्या आत ते जागेवर नीट बसले नाही, तर व्यापाऱ्याला निरोप धाडायचा.

मला वाटले, यात अवघड ते काय? दारावर हिरव्या तैलरंगाचे इतके थर होते की गणेशपट्टीवरच्या गणपतीची सोंड ओळखू येईना. हाताने खरवडण्याचा कंटाळा केला आणि फळ्या काढून रंग उतरवून देणाऱ्या एका कारखान्यात नेऊन टाकल्या. तिथे मोठ्या हौदात कॉस्टिक सोड्याचे गरम पाणी असते. त्यात दार बुडवले की तैलरंगाचा साबण होऊन तो गळून पडतो. दोन दिवसांत फळ्या परत आल्या. रंग गेला होता, पण सागवानाचा सोनेरी तांबूसपणाही गेला होता. लाकूड करडे-काळपट दिसत होते, हात फिरवला तर भिजून वाळलेल्या घोंगडीसारखे खरखरीत लागत होते. मधल्या पट्ट्यांचे सांधे सैल झाले होते, कारण जुना सरस त्या पाण्यात विरघळून गेला होता.

याहून मोठे नुकसान माझ्या लक्षात नंतर आले. डाव्या फळीच्या आतल्या अंगाला घरातल्या मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. दर दिवाळीला आजोबा आम्हाला फळीला पाठ लावून उभे करीत आणि डोक्यावर पाटी आडवी धरून रेघ ओढीत. माझी होती, चुलतभावाची होती, काकूंच्या लहानपणी गेलेल्या मुलीच्याही दोन होत्या. त्या रेघा रंगावर होत्या; रंगाबरोबर गेल्या. कारखान्याने मी सांगितले तेच केले होते, तेव्हा त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. काकू काही बोलल्या नाहीत. त्या फळीजवळ गेल्या, आतल्या अंगावरून एकदा हात फिरवला आणि चहा ठेवायला निघून गेल्या.

म्हणून पहिली सूचना हीच, की रंग काढण्यापूर्वी दार नीट पाहावे. दोन्ही अंगांची छायाचित्रे घ्यावीत. एखादी वीतभर जागा जुन्या रंगासकट मुद्दाम राखून ठेवावी. पुढच्या कोणाला दार पूर्वी कसे होते हे कळण्याचा तेवढाच पुरावा राहतो. आणि दार हौदात घालू नये. वेळ लागला तरी चालेल, पण हाताने, थोडे थोडे काढावे.

हाताने काढतानाही एक जपणूक हवी. जुन्या तैलरंगात, आणि विशेषतः सर्वांत खाली जो तांबडा हात दिलेला असतो त्यात, शिसे असण्याचा फार संभव असतो. आपण ज्याला शेंदूर म्हणतो तो मूळचा शिशाचाच एक प्रकार, आणि तो तेलात कालवून लाकडा-लोखंडाला पहिला हात देण्याची चाल जुनी आहे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 पेक्षा जास्त असू नये असा नियम आपल्याकडे 2016 साली झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून अमलात आला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरू नये. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ पोटात जाते. दिव्याच्या जाळाने तापवला तर वाफ छातीत जाते. लहान मुलांना शिशाची बाधा सर्वांत अधिक होते. तेव्हा पाण्याने ओला करून खरवडावा, नाकातोंडावर चांगला मास्क बांधावा, मुलांना लांब ठेवावे आणि पापुद्रे गोळा करून पिशवीत बांधावेत; ते परसात झाडून टाकू नयेत.

आता पुन्हा आमच्या दाराकडे. फळ्या आणल्या त्या जागेवर चढवल्या, वरवर घासल्या आणि रंगारी लोक ज्याला बेलतेल म्हणतात ते उकळलेले जवसाचे तेल कापडाने चोळले. दोन-चार दिवसांत ते वाळायला हवे होते. आठ दिवस झाले तरी दार चिकटच. कुठे कुठे पांढुरकी साय धरली. पाणी शिंपडले तर हात बुळबुळीत व्हावा. मी दुकानदाराला दोष दिला, तेलात भेसळ आहे म्हणून दुसरे आणले, त्याचीही तीच गत.

इतक्यात गुढीपाडवा आला. काकूंनी उंबऱ्यावर रांगोळी काढली, तोरण बांधले आणि ओल्या हळदीची पाच बोटे दाराच्या फळीवर उमटवली. ती पिवळी बोटे पाहता पाहता तांबडी झाली. काकू दचकल्या. घरात क्षणभर कोणी बोलेना. शेजारच्या आजी पुटपुटल्या, "दाराला हे रुचलं नाही." मलाही पोटात काहीतरी हलल्यासारखे झाले, हे कबूल करतो.

गावचे सुतारमामा पाडव्याची साखरेची माळ घेऊन आले होते. ते हसले. "काकू, कुंकू कशाचं करतात? हळदीचंच ना? तिला खार लागला की ती लाल होते. मास्तर, तुमच्या दारात हौदातला सोडा अजून तसाच बसलाय. त्याच्यावर तेल घालाल तर दारावर साबणच होणार."

गोष्ट अगदी सरळ होती. कॉस्टिक हा तीव्र क्षार. तो लाकडाच्या छिद्रांत खोल शिरतो आणि नुसत्या वरच्या धुण्याने जात नाही. जवसाचे तेल त्याला भेटले की साबण तयार होतो; तेल वाळण्याचा प्रश्नच उरत नाही. आणि हळद ही क्षाराची घरोघरी असलेली परीक्षा. तेव्हापासून मी जो भेटेल त्याला सांगतो, की रंग उतरवलेल्या दाराला काहीही लावण्यापूर्वी ओल्या हळदीचे एक बोट लपलेल्या कोपऱ्यात ओढून पाहा. पिवळे राहिले तर पुढे जा, लाल झाले तर थांबा.

पुढचे काम मामांच्या देखरेखीखाली झाले. फळ्या पुन्हा उतरवल्या. चिकट तेल टरपेंटाईनने पुसून काढले. मग एक भाग पांढरे व्हिनेगर आणि चार-पाच भाग पाणी असे मिश्रण ब्रशाने सर्वत्र लावून, पाठोपाठ साध्या पाण्याने दोनदा धुतले. हळद लावून पाहिली, लालच. असे तीन वेळा केले तेव्हा हळद पिवळी राहिली. लोखंडी खिळ्यांभोवती काळे डाग पडले होते. लाकडातला तुरटपणा आणि लोखंड यांच्या संयोगाने ते पडतात. मामा म्हणाले, हे डाग घालवायला ऑक्झॅलिक ॲसिड मिळते, पण ते विषारी आहे, आणि खिळ्याभोवती काळे असणे ही काही दाराची बेअब्रू नव्हे. आम्ही डाग राहू दिले.

नंतर तीन आठवडे फळ्या ढाळजेच्या सावलीत, खाली लाकडाचे तुकडे देऊन, दोन्ही अंगांना वारा लागेल अशा उभ्या ठेवल्या. उन्हात टाकल्या असत्या तर चार दिवसांत वाळल्या असत्या आणि तडकल्याही असत्या. वाळल्यावर सैल झालेली कुसू काढून, नवा सरस लावून, लाकडी खुंट्यांनी पुन्हा ठोकून बसवली. फटी लुकणाने भरायची नाहीत हे मामांचे आग्रहाचे सांगणे. लुकण दोन पावसाळ्यांत सुटते; लाकूड हलते आणि लुकण हलत नाही. फटीत जुन्याच सागवानाची पातळ चीप बसवावी. आमच्याकडे एका मोडक्या फडताळाची फळी होती, ती उपयोगी पडली.

घासण्याला 80, मग 120, मग 180 नंबरचा पॉलिश पेपर, आणि नेहमी रेषेच्या दिशेने. याहून बारीक घासू नये, कारण लाकडाची छिद्रे बुजली तर तेल आत शिरत नाही. गणेशपट्टीला पेपर लावलाच नाही. बांबूची टोकदार काडी आणि दात घासण्याचा जुना ब्रश एवढ्यावर तीन दुपारी गेल्या आणि सोंड मोकळी झाली.

मग शेवटचा हात कशाचा द्यावा, हा प्रश्न आला. माझ्या मनात लाखेचे पॉलिश होते. आमच्या घरात तंबोरे पिढीजात, आणि चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने हातावर हात चढवले की भोपळ्यावर कशी झळाळी येते, हे मी लहानपणापासून पाहिलेले. मिरजेच्या ज्या सतार-तंबोऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांची कांती पाहिलेल्याला लाखेचा मोह होणारच. परंतु तंबोरा गवसणीत राहतो, दार उन्हापावसात. लाखेवर पाणी साचले की ती पांढरी पडते. उष्णतेचे म्हणाल, तर ज्यांच्या घरी 78 फेऱ्यांच्या तबकड्या होत्या त्यांना सांगायला नको. त्या तबकड्यांतही लाखच असे, आणि उन्हात राहिलेल्या तबकडीचे काय होई ते सर्वांनी पाहिले आहे. लाख ही घरातल्या कपाटाला, देव्हाऱ्याला, फार तर आतल्या खोलीच्या दाराला. रस्त्याकडच्या दाराला नाही.

दुसरा पर्याय व्हार्निश किंवा हल्लीचे पॉलियुरेथेन. त्याचा लाकडावर पारदर्शक पडदा तयार होतो. पहिली दोन-तीन वर्षे दार आरशासारखे दिसते. पण उन्हाने लाकूड फुगते-आटते, पडदा तितका हलत नाही. तो कुठेतरी तडकतो, पाणी त्याच्याखाली शिरते आणि पापुद्रे सुटू लागतात. मग तो दुरुस्त करता येत नाही. सगळा खरवडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, म्हणजे आम्ही ज्यातून गेलो तेच.

तिसरा मार्ग तेलाचा. तेलाचा पडदा होत नाही. ते लाकडात मुरते, हवेतला प्राणवायू घेऊन आतल्या आत घट्ट होते. पहिल्या हाताला बेलतेल आणि टरपेंटाईन समसमान, म्हणजे ते खोल जाते. दुसऱ्या हाताला तीन भाग तेल, एक भाग टरपेंटाईन. तिसरा हात तेलाचा, अगदी पातळ. प्रत्येक हात लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेले तेल कोरड्या कापडाने निपटून पुसावे. सागवान मूळचे तेलकट, त्यात तेल सावकाश वाळते. म्हणून दोन हातांत तीन दिवसांचे अंतर ठेवावे. आतल्या अंगाला शेवटी मेणाचा हात दिला तर चालतो. बाहेर मेण लावू नये, ते उन्हात मऊ होऊन धूळ धरते.

येथे एक धोक्याची सूचना दिल्यावाचून पुढे जाववत नाही. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते. तेलाने भिजलेले बोळे एकावर एक टाकून ठेवले तर ती उष्णता बाहेर पडत नाही आणि त्यांना आपोआप आग लागू शकते. काडी लागत नाही की ठिणगी लागत नाही. आमच्याकडे कोपऱ्यात टाकलेल्या ढिगात हात घातला तर तो गरम लागला, तेव्हा कोठे मामांचे सांगणे पटले. बोळे अंगणात एकेक सुटे पसरून वाळवावेत किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावेत.

मृगाच्या चार दिवस आधी दार जागेवर चढले. झळाळी नव्हती. वाळलेल्या खारकेसारखा शांत तांबूस रंग होता. मामांनी वर हातभर रुंदीची पडवी काढायला लावली, कारण झडीचे पाणी फळीवर येत राहिले तर कोणतेच तेल पुरे पडत नाही. बिदरच्या किल्ल्यात रंगीन महाल आहे. अली बरीदशहाच्या कारकिर्दीत, म्हणजे 1542 ते 1580 या काळात, त्याला आजचे रूप आले. तिथले कोरीव लाकडी खांब आणि काळ्या दगडात बसवलेले शिंपल्याचे काम पाहायला लोक जातात. माझ्या मुलाने तिथे विचारले, "बाबा, याला कुठलं पॉलिश आहे?" मी त्याला वर छत दाखवले. लाकडाचे पहिले पॉलिश म्हणजे डोक्यावरचे छप्पर. माळवद आधी दुरुस्त करा म्हणणारा माझा चुलतभाऊ त्या अर्थी सुतारमामांच्याच बाजूचा होता.

तेलाचा एक दोष सांगायला हवा. ते टिकत नाही. उन्हाकडच्या अंगाला वर्षाकाठी एक पातळ हात द्यावा लागतो. घासावे लागत नाही, खरवडावे लागत नाही. धूळ पुसली, तासाभराचे काम केले की झाले. पण ते करायला कोणीतरी यावे लागते. व्हार्निश लावणारा दार विसरू शकतो. तेल लावणाऱ्याला परत यावेच लागते. आम्ही तिघांनी तेलच पसंत केले त्याचे खरे कारण, विचार करता, हेच असावे. दर दिवाळीला एकेका घराने जायचे आणि दाराला तेल द्यायचे, असे ठरले. पहिल्या वर्षी आम्ही गेलो, दुसऱ्या वर्षी काकूंच्या मुलाने दिले.

यंदा कलबुर्गीकरांची पाळी होती. चुलतभावाने हौसेने दोन्ही मुलींना कामाला लावले आणि तेल पुसायचे राहिले. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला, "दादा, दार चिकटतंय. हळद लावून बघू का?" मी म्हटले, हळदीचे काम नाही, टरपेंटाईनचे आहे, कापड भिजव आणि पूस. मागून काकूंचा आवाज ऐकू येत होता. त्या मुलींना फळीला पाठ लावून सरळ उभ्या राहा म्हणून सांगत होत्या, आणि पेन्सिल कुठे ठेवली म्हणून विचारत होत्या.